खुंटीवरची पिशवी

१

प्लेगानंतरचा दुसरा उन्हाळा होता. सुंदराला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण अख्ख्या गल्लीत वेळ विचारायची झाली तर बाया तिलाच विचारायच्या. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे मागांचा कारखाना. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पाळी बदलायची, तेव्हा माग थांबायचे. घटकाभर असं सुनं व्हायचं की कानांना दडे बसल्यासारखं वाटायचं. मग पुन्हा खटाखट खटाखट, आणि फळीवरची भांडी थरथरायला लागायची. त्या दोन शांततांच्या मधला सगळा दिवस सुंदराच्या बोटांवर मोजलेला. नळ कधी येणार, दूधवाला कधी, उन्हाची तिरीप चुलीपाशी आली म्हणजे किती वाजले, सगळं ठाऊक.

"सुंदराबाई, तुझ्या पोटात काय भोंगा बसवलाय का?" शेजारची मंगलाबाई म्हणायची.

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या एका खोलीत माणसं तीन. नवरा आनंदा दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका कारखान्यात दिवसपाळीला उभा राहायचा. चालू माग सोडून यायची सोय नसते, म्हणून दुपारची भाकरी तो डब्यात न्यायचा. बारा वर्षांत दुपारच्या वेळी सुंदरानं त्याला घरात पाहिलेलं नव्हतं. लेक पल्लवी दहावी पास. घरात वाचता येणारी ती एकटीच. सुंदरा घरी बसून नव्या साड्यांचे सुटे धागे कापायची. गठ्ठा यायचा, गठ्ठा जायचा.

दारामागं खुंटी, खुंटीवर पिशवी. निळ्या तुकड्यांची, हातानं शिवलेली. आत एक लुगडं, गंगेच्या पाण्याची चिमुकली बाटली, पितळेची वाटी आणि वाळलेली तुळस. दोन महिने झाले, ती भरून तयार होती.

त्याचं असं झालं. प्लेगात सगळी सुरत पळाली, तेव्हा हे तिघंही गाडीत घुसून सुंदराच्या माहेरी गेले, दोंडाईच्याकडे. गावानं वेशीच्या आत घेतलं नाही. "सुरतवाले आलेत, सुरतवाले!" शाळेमागच्या पडक्या शेडात ठेवलं. त्यात सुंदराला ताप भरला. साधाच होता, पण त्या दिवसांत तापाचं नाव काढलं की माणसं पळायची. जवळ कोणी येईना. तिची माय आली. डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी काठी टेकत रोज यायची, लेकीचं डोकं मांडीवर घ्यायची, हनुवटीखाली तळहात धरून वाटीनं पाणी पाजायची. भाऊ चंदू लांबून ओरडायचा, "माय, मरशील!"

म्हातारी म्हणायची, "मरेन तव्हा ही पाजील मला. का व सुंदरा, येशील ना वेळेवर?"

"येईन माय."

आता म्हातारीनं अंथरूण धरलं होतं. काही झालं तर आनंदाच्या कारखान्याच्या पत्त्यावर तार करतो, असं चंदूनं कळवलेलं. सुंदरानं पिशवी भरली, खुंटीला लावली आणि नवऱ्याला सांगून ठेवलं, "तार आली की चूल विझवायलासुद्धा मी थांबायची नाही."

"बरं बाई," आनंदा म्हणाला. "मी काय तुला बांधून ठेवणार आहे?"

२

सोमवारी दुपारी धागे कापता कापता तिचा डोळा लागला आणि तिला स्वप्न पडलं.

उधन्याचं स्टेशन. ती पुलावरून पळतेय. पूल संपत नाही. एक पायरी उतरावी तर खाली दोन वाढलेल्या. गाडी फलाटाला लागलेली. बायकांच्या डब्यात खिडकीशी एक बाई बसलीय, पाठमोरी. तिच्या मांडीवर निळी पिशवी आणि पिशवीतली बाटली वाटीवर आपटून टिणटिण वाजतेय. तिकिटाच्या खिडकीमागं कोणीतरी कुजबुजत होतं. कागद चुरचुरला. एक पोरगी म्हणाली, "उठवू का?" एक बाप्या म्हणाला, "नको. झोपू दे." गाडी हलली. सुंदरानं हाक मारायला तोंड उघडलं, तर तोंडात धागेच धागे.

दचकून उठली. उन्हाची तिरीप चुलीपाशी आली होती. पल्लवी मोरीत बसून कप विसळत होती. दोन कप.

"कोण आलं होतं गं?"

"कोणी नाही, आई."

"मग दोन कप?"

"एक सकाळचा राहिला होता."

सकाळचे कप सुंदरानं स्वतः धुऊन पालथे घातले होते. पण झोपेतून उठलेल्या माणसाचं काय खरं? विसरले असेन, म्हणाली मनाशी. उंबऱ्यावर धाग्यांचा पांढरा भुरा सांडला होता, आनंदाच्या सदऱ्याला असतो तसा. तोही पलीकडच्या कारखान्यातून उडून आला असेल. आणि खुंटीवरची पिशवी हळूहळू हलत होती. वारा नव्हता, पंखा बंद होता. तीही मागांच्या हादऱ्यानंच हलत असणार. भांडी नाही का हलत?

एवढ्या तीन गोष्टींना तीन कारणं लावून सुंदरानं कात्री पुन्हा हातात घेतली. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिचा अंदाज चुकला. चूल पेटवायच्या आधीच माग थांबले.

३

मंगळवारी सकाळी नळावर मंगलाबाईनं तिला पाहिलं आणि कळशी तशीच धरून उभी राहिली.

"अगं, तू गेली नाहीस?"

"कुठं?"

"आता कुठं काय! काल संध्याकाळी जावयाला पोचवायला मी उधन्याला गेले होते. भुसावळ पॅसेंजरमध्ये बसलीस की तू, बायकांच्या डब्यात. मी दोनदा हाक मारली, सुंदराबाई, ओ सुंदराबाई! मान वळवली नाहीस. म्हटलं, बाईला माहेरचं वेड लागलंय, आता आपण कोण?"

"मी घरी होते मंगलाबाई. भाकऱ्या थापत होते."

"पिशवी होती ना पण. ती निळी, तुकड्यांची."

सुंदरा हसली. "अहो, मी कुठलं लुगडं नेसले होते म्हणे?"

"हेच. जांभळ्या किनारीचं."

"हे? या गठ्ठ्यातली डागाची लुगडी अर्ध्या लिंबायतीत वाटली गेलीत. सुरतेत या किनारीच्या शंभर बाया सापडतील."

"तेही खरंच," मंगलाबाई म्हणाली. पण कळशी डोक्यावर घेताना पुन्हा एकदा तिनं सुंदराच्या पायांकडे पाहिलं.

घरी आल्या आल्या सुंदरानं दार ओढून मागं पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"पल्लवी! पिशवी कुठाय?"

"अगं, उद्या पाहुणे येणार. दारामागं गाठोडं बरं दिसतं का? पेटीत ठेवली मी."

खरंच होतं. बुधवारी पल्लवीला बघायला येणार होते. मुलगा अमोल, चलथाणला मिलमध्ये कामाला. पल्लवीनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहायची. मुलाची आई इंदुबाई मात्र शकुन-अपशकुनाची भारी. मागं एकदा मुलगी बघायला निघाली आणि वाटेत मयत आडवी आली, तर तिथूनच टांगा फिरवला. त्या मुलीचं तोंडही पाहिलं नाही. आजारपण, मरण, सुतक, असलं काही कानावर पडलं की त्या घराचा उंबरा तिला वर्ज्य.

पल्लवीकडून किल्ली घेऊन सुंदरानं पेटी उघडली. लुगडी, पल्लवीची मार्कांची कागदं, आनंदाचा लग्नातला कोट. पिशवी नव्हती.

"कुठं गं?"

पल्लवी जवळ आली. तिनं स्वतः सगळं उपसलं, तळाचा पेपरसुद्धा उचलला. मग ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. "मी काल संध्याकाळी इथंच ठेवली होती, आई. कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या गळ्यातच होती."

आणि पोरीचं तोंड असं उतरलं की सुंदरालाच तिची समजूत घालावी लागली.

४

त्या संध्याकाळी आनंदा भजी घेऊन आला. असं तो कधी आणायचा नाही. बायकोच्या हातात पुडा देताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, देवाच्या फोटोकडे पाहिलं.

जेवताना सुंदरानं आपलं स्वप्न सांगितलं, कारण त्या दुपारीही ते पडलं होतं. तोच पूल, तीच गाडी. फक्त आता गाडी सुटून गेलेली आणि फलाटावर कोणी नाही. "जन्मात कशाला उशीर झाला नाही मला," ती म्हणाली, "अन् आता रोज दुपारी होतोय."

आनंदा म्हणाला, "भजी गार होतील."

"आणि मंगलाबाई म्हणते, मला तिनं काल गाडीत बसताना पाहिलं."

आनंदाचा घास हातातच राहिला. "काय म्हणाली?"

"गाडीत पाहिलं. पिशवीसकट."

"तिचे डोळे गेलेत," तो म्हणाला. पण त्यानं पल्लवीकडे पाहिलं आणि पल्लवीनं त्याच्याकडे. सुंदराला ते दिसलं. वाटलं, बायको खुळावली म्हणून बघतोय.

भज्यांचा कागद गुजराती पेपराचा होता. पल्लवी तो चाळत होती, नजर लपवायला म्हणून. एकदम म्हणाली, "हे बघ, यात स्वप्नांचंच लिहिलंय. उशीर झाल्याचं स्वप्न."

"वाच बरं, मराठीत सांग."

"लिहिलंय की असं स्वप्न आळशी माणसाला पडत नाही, वेळ पाळणाऱ्याला पडतं. माणूस झोपतो पण त्याचं मन अर्धं जागंच असतं. कान उघडे असतात. जे आपल्याला अजून कोणी सांगितलेलं नाही, ते त्याला…"

पल्लवी थांबली.

"पुढं?"

"पुढचं फाटलंय, आई."

सुंदराला अक्षर येत नव्हतं. पण फाटलेला कागद आणि सबंध कागद यातला फरक कळायला शाळा लागत नाही. कागदाला तेलाचे डाग होते. चारही कोपरे जागच्या जागी होते. पल्लवीनं तो चुरगाळला आणि चुलीत टाकला.

५

बुधवारी अकराच्या सुमाराला पाहुणे आले. इंदुबाई उंबऱ्यातच थांबली. "घरात सगळं ठीक ना? कोणी आजारी-बिजारी?"

सुंदरा सांगायला निघाली की माझी माय जरा… तोच आनंदा मोठ्यानं म्हणाला, "सगळं छान आहे. या, या, उजवा पाय ठेवा."

बरं, म्हातारी आजारी आहे हे आज सांगून काय करायचं, असं सुंदरालाही वाटलं. तीही गप्प राहिली. पोटच्या पोरीचं होतंय, तर होऊ दे.

पोहे झाले. पल्लवीला नाव विचारलं, चालून दाखव म्हणाले, शिवण येतं का विचारलं. अमोल खाली मान घालून हसत होता. उन्हाची तिरीप दारातून आत आली, म्हणजे बारा वाजत आले. सुंदरा पाण्याचा पेला भरायला माठापाशी गेली, आणि तिचा डावा हात जड झाला.

हात रिकामा होता, तळहात वर. आणि त्यावर कोणाची तरी हनुवटी टेकली होती. हाडकुळी. कातडी सैल आणि गरम. सुंदराला ती दिसत नव्हती, पण हनुवटीवरचा एकेक खरखरीत केस तळहाताला कळत होता. मग ती हनुवटी किंचित वर झाली, जसं माणूस शेवटचा घोट गिळताना करतं. आणि तिचा भार गेला.

माठाशेजारी कुठंतरी वाटीवर बाटली वाजली. टिण.

"आई, पाणी," पल्लवी म्हणाली.

सुंदरानं पाणी नेऊन दिलं. पेला देताना तिनं डोळ्यांना पदर लावला. इंदुबाई म्हणाली, "लेक जाणार म्हणून आतापासून रडू येतंय वाटतं विहीणबाईंना!" सगळे हसले. विहीणबाई म्हणाली, म्हणजे पसंती झाली. तिथंच सुपारी फुटली.

पाहुणे कोपऱ्यावर वळले न वळले तोच आनंदा आत आला. "सुंदरे, कारखान्यावरून निरोप आलाय. तार आलीय. आत्ताच."

त्याच्या हातात कागद होता. चार घड्या घातलेला. घड्यांवर मऊ पडलेला आणि घामानं काळवंडलेला. आत्ता आलेल्या कागदाला एवढा घाम कसा लागतो, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. ती दुसरं लुगडं बगलेत मारून तशीच निघाली. पिशवी नव्हतीच.

"तू हो पुढं," आनंदा म्हणाला. "मी पोरीला घेऊन परवा येतो."

६

पॅसेंजर उशिरा पोचली. पहाटेपर्यंत सुंदरा दोंडाईच्याच्या फलाटावर बसून राहिली आणि पहिलं कोंबडं आरवताच गावाची वाट धरली. दोन कोस. झुंजुमुंजू झालेलं. समोरून एक बाई येत होती, तोंडावर पदर ओढून, भराभर. अंगावरून गेली.

"कोण व बाई?" सुंदरानं विचारलं.

बाई थांबली नाही. पण ती गेली तेव्हा पदराआड टिणटिण, टिणटिण वाजत होतं. सुंदरा दहा पावलं पुढं गेली आणि मग तिचे पाय आपोआप थांबले. वळून पाहायचं होतं तिला. मान वळेना. माझीच झोप झाली नाही, म्हणाली, आणि चालत राहिली.

घराच्या दारात गोवऱ्यांची राख होती. चंदूचं डोकं भादरलेलं. त्याला पाहताच सुंदरानं टाहो फोडला, "माय गं! मी आले नाही गं वेळेवर!"

चंदू तिच्याकडे बघतच राहिला. चुलीपाशी बसलेली त्याची बायको कुसुम उठून उभी राहिली.

"ताई," चंदू हळू म्हणाला, "असं काय बोलते? काल दुपारी बारा वाजता तुझ्याच हातानं तर पाणी घेतलं मायनं."

"माझ्या हातानं?"

"मंगळवारी उजाडता आलीस तू. मी सोमवारी सकाळी तार ठोकली आन् मंगळवारी तू दारात. मीच म्हणालो ना, ताई पंख लावून आली. माय कोणाला ओळखत नव्हती. तुझा हात लागला आन् म्हणाली, आलीस व, वेळेवर आलीस. रात्रभर तू उशाशी बसून होतीस. डोळ्याला डोळा लागू दिला नाहीस."

शेजारची म्हातारी चंपाबाई ओट्यावरून म्हणाली, "पोरीला दुःखानं चळ लागलाय. अशी गेली म्हातारी की तोंडावर हसू होतं. सगळं मिळालं तिला. नशीब लागतं असली लेक मिळायला."

सुंदरा आत गेली. मायच्या खोलीत कोपऱ्यात दिवा लावलेला. जिथं मायचा बिछाना होता तिथं जमीन सारवलेली. शेजारी एक गोधडी. मध्ये खळगा पडलेली, कोणी कुशीवर झोपून उठलं की पडतो तसा. सुंदरानं हात लावला. गोधडी ऊबदार होती. उशाशी तुळशीचं एक पान होतं, वाळलेलं, पण पाण्यानं पुन्हा हिरवं पडलेलं.

ती त्या खळग्याशेजारी बसून राहिली. खळग्यात बसायचं धाडस तिला झालं नाही.

"आत्ताच तर निघालात तुम्ही," कुसुम दारातून म्हणाली. "सकाळच्या गाडीला. आम्ही म्हटलं, राख सावडायला तरी थांबा. तर तुम्ही म्हणालात, माझं इथलं काम झालं. पोरीजवळ जायला पाहिजे, ती घाबरली असेल. पिशवी उचलली आन् गेलात."

"चंदू," सुंदरा म्हणाली, "तार कधी केलीस म्हणालास?"

"सोमवारी. सकाळी दहाला."

"सोमवारी."

"मग काय तर. वेळेवर मिळाली म्हणून तर आलीस ना."

७

दुपारच्या गाडीत सुंदरा खिडकीशी बसली. राख सावडायला तीही थांबली नाही. नंदुरबार गेलं, नवापूर गेलं. बाहेर पळसाची झाडं मागं पळत होती आणि तिच्या डोक्यात सोमवारची दुपार पुढं पुढं येत होती.

ती झोपलेली. हातात कात्री. उन्हाची तिरीप अजून दारात. बारा वर्षांत दुपारी घरी न आलेला माणूस उंबऱ्यावर चपला काढतो. सदऱ्यावरचा भुरा झटकतो. त्याला वाचता येत नाही, म्हणून कागद पोरीच्या हातात देतो. कागद चुरचुरतो. पोरगी वाचते आणि तिचा आवाज खाली जातो.

"उठवू का?"

"नको. झोपू दे."

तेव्हा तिथंच संपलं नव्हतं. गाडीच्या खडखडाटात तिला पुढचंही ऐकू आलं, जसं भिंतीपलीकडचं बोलणं माग थांबल्यावर ऐकू येतं.

"बाबा, पण आजी…"

"म्हातारी काय दोन दिवस कळ काढील. इंदुबाईला कळलं तर येणार नाहीत ते. तुला अमोल पाहिजे ना? बुधवार जाऊ दे. मग सांगू."

मग पल्लवीचा आवाज. आपल्याच हातानं न्हाऊ-माखू घातलेल्या, रात्र रात्र जागून वाढवलेल्या पोरीचा.

"चहा घेता का, बाबा?"

दोन कप.

तिला उशीर झालाच नव्हता. उशीर तिला करवला होता, तिच्याच छपराखाली, तिच्या उशापासून चार हातांवर. कान ऐकत होते, मन पळत होतं आणि देह मेला झोपून राहिला. आणि कोणीतरी तेव्हाच उठलं होतं. पिशवी उचलून, चूल विझवायलासुद्धा न थांबता निघालं होतं.

घरी गेल्यावर काय बोलायचं, ते तिनं उधन्यापर्यंत शंभरदा जुळवलं. आनंदाला एकच विचारणार होती, माझ्या मायचे ते दोन दिवस तू कुठं ठेवलेस? आणि पल्लवीला काहीच विचारणार नव्हती. फक्त तिच्यासमोर उभी राहणार होती, ती वर बघेपर्यंत.

तेवढ्यासाठी ती परत चालली होती. ते तोंडावर बोलल्याशिवाय तिला मरणसुद्धा नको होतं.

८

गल्लीत शिरली तेव्हा दिवस मावळत होता. मंगलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, सुपातला हात तसाच राहिला, आणि मग तिनं सुंदराच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा सुंदराकडे. सूप घेऊन ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

सुंदराच्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. आत दिवा. भाकरी भाजल्याचा वास. सुतकात फोडणी देत नाहीत, म्हणून नुसत्या वरणाचा वास. कोणीतरी सगळं रीतीप्रमाणे केलं होतं.

सुंदरानं दाराला हात लावला आणि तेवढ्यात सात वाजले. माग थांबले. सगळी गल्ली सुनी झाली. आतलं रडणं तिला स्पष्ट ऐकू आलं.

पल्लवी रडत होती. हुंदके देऊन, लहानपणी रडायची तशी. "आई, मी वाचली होती गं तार. सोमवारीच वाचली होती. मला माफ कर, आई."

"माझंच चुकलं सगळं," आनंदाचा आवाज. "पोरीला बोलू नकोस."

आणि मग एक बाई बोलली. दमलेली. मायाळू. सुंदरानं तो आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला तिला क्षणभर लागला.

"जाऊ द्या आता. पुसा डोळे. मी पोचले ना वेळेवर."

"तुझा राग नाही ना, आई?"

"कशाचा राग? मला कुठं उशीर झाला?"

फटीतून तिला आनंदाची पाठ दिसत होती. तो गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर एक हात होता. जांभळ्या किनारीचा पदर. मनगटावर गोंदलेली तुळस. सुंदरानं आपलं तसंच गोंदलेलं मनगट पोटाशी धरलं. त्या हातापलीकडे काय आहे ते दाराआड होतं. दार अजून बोटभर लोटलं असतं तर दिसलं असतं. तिनं लोटलं नाही.

त्याआधी पल्लवी उठली. नाक पुसत दाराशी आली, दार लावायला. आणि फटीत तिचे डोळे सुंदराच्या डोळ्यांवर आले.

पोरीनं तिला पाहिलं. केस विस्कटलेले, पायांवर दोन कोसांची धूळ, हात रिकामे. कपाळापासून पायांपर्यंत सगळी पाहिली. तिनं एकदा मागं वळून दिव्याकडे पाहिलं, जिथं तिला सगळी माफी मिळाली होती. मग पुन्हा फटीकडे. सुंदराच्या तोंडावर काय लिहिलं होतं ते वाचायला त्या पोरीला दहावीही लागत नव्हती.

ओळख पटली होती. खरी आई कोण, ते दोघींनाही कळलं होतं.

"पल्लवी," सुंदरा म्हणाली.

दार लागलं. आतून कडी चढली, हळू, आवाज न करता. दारामागच्या खुंटीवर काहीतरी हललं. टिण.

"कोण आलंय गं?" आतून तिच्याच आवाजानं विचारलं.

"कोणी नाही, आई."

सुंदरानं दारावर मूठ आपटायला हात उचलला, आणि भिंतीपलीकडे माग सुरू झाले.